लेआउटवरची पवनचक्की, पाणचक्की आणि फाटक: धक्के न खाता संथ हालचाल कशी साधावी?

नॅरोगेज (प्रश्न):

नमस्कार. गेली तीन वर्षे मी १:८७ प्रमाणाचा, म्हणजे एचओ मापाचा, मॉडेल रेल्वेचा एक लेआउट (रूळ आणि देखाव्यासह मांडणी) बांधतो आहे. रूळ, सांधे आणि सिग्नल यांचे काम बऱ्यापैकी मार्गी लागले असून आता मी देखाव्यातल्या हलत्या वस्तूंकडे वळलो आहे. टेकडीवर जुन्या डच घडणीची चार पात्यांची पवनचक्की आहे, ओढ्याकाठी पाणचक्की आहे आणि गावात शिरणाऱ्या रस्त्यावर रेल्वेचे फाटक आहे. या तिन्ही वस्तू संथपणे हलाव्यात, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

सुरुवात पवनचक्कीपासून केली. तिची पाती एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत १६० मिलिमीटर भरतात. त्यांच्या आसाला मी १२ व्होल्टला मिनिटाला १०० फेरे देणारी लहान गिअर मोटर थेट जोडली. पूर्ण १२ व्होल्ट दिले की पवनचक्कीचा अक्षरशः टेबलफॅन होतो. व्होल्टेज कमी करत दोन व्होल्टपर्यंत आणले, तर मोटर नुसती गुणगुणते आणि बोटाने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. सुरू झालीच, तर पाती अर्धा फेरा रेंगाळत वर चढतात आणि वरून खाली येताना एकदम खटकन पुढे पडतात. शिवाय मोटर ९ मिलिमीटरच्या प्लायवुडला खालून स्क्रूने आवळलेली असल्यामुळे तिची घरघर गाडीच्या आवाजापेक्षा मोठी ऐकू येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, अशा वस्तूंचा योग्य वेग कोणता धरावा, तो गिअरने मिळवावा की स्टेपर मोटरने (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरने), आणि फाटकासाठी सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी लहान मोटर) वापरला तर त्याची दांडी थरथरत खाली येते ती कशी थांबवावी, याबद्दल ज्यांनी स्वतः काम केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे. मला सोल्डरिंग चांगले जमते. आर्डुइनोचे, म्हणजे प्रोग्रामने चालणाऱ्या छोट्या नियंत्रक पट्टीचे, लहान प्रोग्राम मी वाचू शकतो, मात्र स्वतः नव्याने लिहिण्याचा सराव नाही.


दातेरी चाक (उत्तर):

आपण वेगाचा प्रश्न आधी विचारलात हे फार चांगले केले, कारण बहुतेक जण आधी मोटर आणतात आणि मग वेगाचा विचार करतात. फिरणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: मिनिटाला होणारे फेरे प्रमाणानुसार बदलत नाहीत. पात्याची लांबी ८७ पटींनी लहान झाली की टोकाने कापायचे अंतरही ८७ पटींनीच लहान होते, त्यामुळे खरी पवनचक्की मिनिटाला जितके फेरे घेते तितकेच फेरे मॉडेलने घेतले तर टोकाचा वेग आपोआप प्रमाणात येतो. जुन्या डच पवनचक्क्या चांगल्या वाऱ्यात मिनिटाला साधारण १५ ते २० फेरे घेतात. तिथले चक्कीवाले वेग मोजताना समोरून किती पाती गेली हे मोजतात, म्हणजे मिनिटाला ६० पाती गेली तर १५ फेरे झाले.

तरीही माझा अनुभव असा आहे की, मॉडेल १५ फेऱ्यांनी फिरवले तर ते घाईत असल्यासारखे दिसते. आपल्या १६० मिलिमीटरच्या पात्यांचे टोक त्या वेगाला सेकंदाला सुमारे १२६ मिलिमीटर सरकते, आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्याला एवढी हालचाल हलक्याफुलक्या खेळण्याची वाटते. मोठी आणि जड वस्तू सावकाश हलते, ही जाणीव आपल्या नजरेत मुरलेली असते. म्हणून मी पवनचक्की मिनिटाला आठ फेऱ्यांवर ठेवतो, म्हणजे एका फेऱ्याला साडेसात सेकंद लागतात, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणालाही ती संथ वाटलेली नाही.

पाणचक्कीचा हिशेब असाच करता येतो. वरून पाणी पडणाऱ्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला दीड ते दोन मीटर धरला आणि चाक चार मीटर व्यासाचे मानले, तर परीघ सुमारे १२.६ मीटर येतो आणि दीड मीटरच्या वेगाला एक फेरा साडेआठ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला सातच्या आसपास फेरे होतात. एचओमध्ये हे चाक ४६ मिलिमीटरचे होईल. तिथे खरे पाणी खेळवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन. तीन मीटरवरून पडणारे पाणी खाली यायला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेते, तर मॉडेलवर तेच अंतर साडेचौतीस मिलिमीटर असल्यामुळे पाणी सेकंदाच्या बाराव्या हिश्शात खाली पोचते. गुरुत्वाकर्षण आपल्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे खरे पाणी मॉडेलवर नेहमी नळाच्या धारेसारखेच दिसते.

आता गिअरकडे येतो. १२ व्होल्टला १०० फेरे देणाऱ्या मोटरकडून आठ फेरे हवे असतील, तर हिशेबाने तिला जेमतेम एक व्होल्ट द्यावा लागेल. इतक्या कमी दाबाला आतल्या ब्रशचे आणि गिअरचे घर्षणच मोटरला पुरे पडते. ती एकतर थांबते किंवा अडखळत फिरते आणि थोडा भार वाढला की वेग लगेच बदलतो. म्हणून मंद गती व्होल्टेज उतरवून मिळवू नये, ती गिअरमधून मिळवावी. मी मोटर निवडताना असा नियम पाळतो की, हवा तो वेग मोटरच्या पूर्ण व्होल्टेजच्या निम्म्या ते पाऊण भागात मिळाला पाहिजे. एन२० जातीच्या बारीक गिअर मोटरी १२ व्होल्टला १५ फेरे देणाऱ्याही मिळतात. तशी मोटर सहा-साडेसहा व्होल्टवर चालवली की आठ फेरे मिळतात आणि आतली मोटरही निम्म्याच वेगाने फिरत असल्यामुळे आवाज पुष्कळ कमी होतो. तिचा छेद १२ बाय १० मिलिमीटरचा आणि शाफ्ट इंग्रजी डी अक्षरासारखा एका बाजूने सपाट केलेला, ३ मिलिमीटरचा असतो. पवनचक्कीच्या डोक्यावरच्या टोपीत ती आडवी मावते, त्यामुळे खालून उभा दांडा आणि टोपीत काटकोनी गिअर बसवण्याचा खटाटोप वाचतो.

जुन्या सामानातली साधी मोटर वापरायची असेल, तर मळसूत्री गिअर, म्हणजे वर्म, हा उत्तम मार्ग आहे. एकेरी आट्याचा वर्म आणि ३० दातांचे चाक यांतून एकाच टप्प्यात ३० पट घट होते. असे दोन टप्पे एकामागे एक जोडले, तर ९०० पट घट होऊन मिनिटाला ९००० फेऱ्यांची मोटर थेट १० फेऱ्यांवर येते. वर्म उलट बाजूने ढकलून सहसा फिरत नाही, म्हणून वीज बंद केल्यावर पाती आहेत तिथेच थांबतात. वर्म आणि चाक यांमधले अंतर मात्र ठरवताना घाई करू नये. मी दोहोंच्या मधे पातळ कागदाची एक पट्टी धरून चाक आवळतो आणि मग कागद ओढून काढतो, म्हणजे दातांना श्वास घेण्यापुरती जागा राहते.

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट राहिली. डच पवनचक्की समोरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, तर वीज निर्माण करणाऱ्या आजच्या तीन पात्यांच्या चक्क्या समोरून पाहता काट्यांच्या दिशेने फिरतात. मॉडेलवर हे उलट झालेले मी अनेकदा पाहिले आहे. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली की काम होते, फक्त ते टोपी चिकटवण्याआधी तपासावे.


सोल्डरिंग (उत्तर):

वरचे उत्तर मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, पण स्टेपर मोटरची बाजूही मांडायला हवी. २८बीवायजे-४८ नावाची पाच व्होल्टची लहान स्टेपर मोटर आणि तिच्यासोबत येणारी, तिला चालवणारी यूएलएन२००३ चिपची पट्टी या दोन वस्तू आपल्या कामासाठी जणू मुद्दाम बनवल्यासारख्या आहेत. मोटरच्या पोटातच सुमारे ६४ पट घट करणारा गिअरबॉक्स असतो आणि अर्ध्या पायऱ्यांनी चालवली तर बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला जवळपास ४०९६ पायऱ्या होतात. मिनिटाला आठ फेरे हवे असतील, तर सेकंदाला साडेपाचशेच्या आसपास पायऱ्या द्याव्या लागतात, जे आर्डुइनो सहज करतो. मिनिटाला एक फेरासुद्धा ती तितक्याच निर्धाराने देते, जे ब्रशच्या मोटरला फार मोठ्या गिअरशिवाय साधत नाही.

तिचा खरा फायदा मात्र वेग हळूहळू बदलता येण्यात आहे. वारा कधी एकसारखा वाहत नाही. माझ्या लेआउटवरची पवनचक्की सुरू होताना २० सेकंद घेऊन वेगात येते, मग दर अर्ध्या मिनिटाने तिचा वेग थोडा वाढतो किंवा थोडा उतरतो, आणि बंद करताना ती रेंगाळत थांबते. पाहणारा बोलता बोलता थांबून पुन्हा तिच्याकडे वळून पाहतो, आणि मला ते अत्यंत समाधानाचे वाटते. यासाठी ॲक्सेलस्टेपर नावाची तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्रामचा भाग, आहे, त्यामुळे नव्याने प्रोग्राम लिहायची गरज पडत नाही. फक्त तारांचा क्रम सांभाळावा. अर्ध्या पायऱ्यांसाठी प्रोग्राममध्ये पिना देताना पट्टीवरच्या पहिल्या, तिसऱ्या, दुसऱ्या आणि चौथ्या जोडणीचा क्रम द्यावा लागतो. सरळ एक, दोन, तीन, चार असा क्रम दिला तर मोटर जागच्या जागी थरथरते आणि माणूस मोटरच खराब आहे असे समजून बसतो. माझी एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली होती.

तोटेही सांगतो. ही मोटर एन२०पेक्षा पुष्कळ जाड आहे, तिचा शाफ्ट मध्यभागी नसून एका बाजूला आहे आणि ती चालताना चांगलीच गरम होते, म्हणून तिला फोममध्ये गुंडाळून बंद पेटीत ठेवू नये. तिच्या गिअरमध्ये प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, हाही बराच असतो. पाच व्होल्टचा पुरवठा आर्डुइनोच्या पट्टीवरून घेऊ नये. वेगळ्या पुरवठ्यातून घ्यावा आणि दोन्हींचे ऋण टोक एकमेकांना जोडावे. त्याचप्रमाणे देखाव्यातल्या कोणत्याही मोटरला रुळांवरच्या डीसीसीची (गाड्या डिजिटल संदेशांनी चालवण्याच्या पद्धतीची) वीज देऊ नये, कारण एखादा डबा घसरून शॉर्ट झाला की गाडीबरोबर पवनचक्कीही थांबते आणि रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरची ताकद विनाकारण खर्च होते. ब्रशची मोटर वापरलीत, तर तिच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवावा, म्हणजे ठिणग्यांचा त्रास आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनिक्सला होत नाही.

इथेच एक इशारा द्यावासा वाटतो. मायक्रोवेव्हमधली बशी फिरवणारी सिंक्रोनस मोटर मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते, म्हणून ती अनेकांना आकर्षक वाटते. पण त्यांतल्या पुष्कळ मोटरी थेट घरातल्या विजेवर चालतात, आणि त्यांतल्या अनेक प्रत्येक वेळी कोणत्या दिशेने सुरू होतील याचा नेम नसतो. ज्या फळीखाली आपण उघड्या तारांमध्ये हात घालून काम करतो, तिथे तो विद्युतदाब नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता फाटक. ९ ग्रॅमचा एसजी९० सर्व्हो सेकंदाला पन्नास वेळा येणाऱ्या विजेच्या स्पंदांवर चालतो आणि स्पंदाची लांबी साधारण १ ते २ मिलिसेकंद बदलली की त्याचा हात ९० अंशांत फिरतो. अडचण अशी की, स्पंद सुमारे १० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी बदलला तर तो सर्व्हो त्याची दखलच घेत नाही, म्हणजे त्याची सर्वांत लहान उडी जवळपास एका अंशाची असते. आपल्या फाटकाची दांडी खऱ्यातली सहा मीटर धरली, तर मॉडेलवर ती ६९ मिलिमीटर होते आणि तिच्या टोकाला एक अंश म्हणजे १.२ मिलिमीटर. हीच ती थरथर आहे. प्रोग्राममध्ये पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी ती जात नाही, कारण अडचण सर्व्होच्या आतच आहे.

यावर उपाय तारेच्या जोडणीत आहे. सर्व्होचा हात थेट दांडीच्या आसाला न जोडता, सर्व्होला जवळपास पूर्ण १८० अंश फिरू द्यावे आणि त्याच्या आखूड हातापासून स्टीलची बारीक तार दांडीच्या आसावरच्या थोड्या लांब हाताला जोडावी. सर्व्होचा हात ७ मिलिमीटरचा असेल तर तार एकूण १४ मिलिमीटर सरकते आणि दांडीकडचा हात १० मिलिमीटरचा ठेवला की तेवढ्यात दांडी बरोबर ९० अंश फिरते. प्रत्येक उडी सरासरीने निम्मी झालीच, पण त्याहून सुंदर गोष्ट अशी घडते की, दोन्ही टोकांना सर्व्होचा हात आणि तार एका रेषेत येत असल्यामुळे दांडी आपोआप हळू सुटते, मधे वेग घेते आणि शेवटी पुन्हा हळू टेकते. दांडी खाली यायला आठ ते दहा सेकंद द्यावेत. ती खाली पोचली की स्पंद बंद करावेत, म्हणजे सर्व्होची कुरकुर थांबते.


जुना सांधेवाला (उत्तर):

दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, पण मूळ प्रश्नातल्या एका वाक्यावर अजून कोणी बोट ठेवलेले नाही. पाती रेंगाळत वर चढतात आणि वरून खाली येताना खटकन पुढे पडतात, असे आपण लिहिले आहे. हा दोष केवळ मोटरचा नाही. आपली पाती तोलात नाहीत. एक पाते बाकीच्यांपेक्षा जड आहे. ते वर चढत असताना मोटर त्याला ढकलते आणि दात दातावर टेकलेला असतो, पण माथा ओलांडल्यावर ते पाते स्वतःच्या वजनाने मोटरच्या पुढे धावते आणि गिअरमधल्या प्लेइतके पडून थांबते. मग मोटर ती मोकळी जागा भरून काढेपर्यंत पाती स्थिर दिसतात. गिअर बदलला किंवा स्टेपर लावली तरी हा धक्का जाणार नाही. उलट वेग जितका कमी, तितका तो जास्त उठून दिसेल, आणि स्टेपरच्या गिअरमध्ये प्ले अधिक असल्यामुळे तिथे तर तो आणखी ठळक होईल.

आपण असे करावे. पाती मोटरपासून सोडवून त्यांचा आस दोन गुळगुळीत आधारांवर आडवा ठेवावा आणि हलके फिरवून सोडावे. जे पाते दर वेळी खाली येऊन थांबते, ते जड. त्याच्या समोरच्या पात्याच्या मागच्या बाजूला, आसाजवळ नको तर टोकाकडे, सोल्डरच्या तारेचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे एकेक करून चिकटवत जावे. पाती कुठेही सोडली तरी तिथेच थांबू लागली की तोल साधला. टोकाकडे लावायचे कारण असे की तिथे थोडे वजनही पुरते आणि एकंदर भार वाढत नाही. रंग देण्याआधी तोल साधून ठेवला असेल, तर रंगानंतर तो पुन्हा तपासावा, कारण चार पात्यांच्या जाळीवर रंग सारखा बसत नाही.

एवढे करूनही थोडा धक्का उरतो. त्यासाठी आसावर, पात्यांच्या मागे, नमद्याचे एक लहान वॉशर घालून त्याला अगदी हलका दाब द्यावा. थोडे कायमचे घर्षण असले की दात सतत एकाच बाजूला टेकलेले राहतात आणि पात्याला पुढे पडायला मुभाच मिळत नाही. घर्षण कमी करायचे हे आपण सगळीकडे शिकतो, पण इथे ते थोडेसे मुद्दाम ठेवावे लागते. नमद्याला तेल लावू नये.

आवाजाबद्दल सांगायचे तर प्लायवुडची फळी ही तबल्याच्या पुडीसारखी असते, तिच्यावर जे टेकेल ते घुमते. मोटर फळीला स्क्रूने आवळणे हेच घरघरीचे मूळ आहे. मोटर टोपीत बसवणार असाल तरी टोपी पोकळ प्लास्टिकची असते, त्यामुळे ती लहान ढोलकीच होते. मोटरभोवती दोन मिलिमीटर जाडीच्या मऊ फोमची पट्टी गुंडाळावी आणि तिला फक्त अलगद धरून ठेवणारा कंस असावा, कुठेही कडक स्पर्श नको. मोटरचा शाफ्ट आणि पात्यांचा आस एकमेकांना थेट न जोडता मधे सिलिकॉनच्या बारीक नळीचा १० मिलिमीटरचा तुकडा घालावा. त्यामुळे कंप पुढे जात नाही आणि दोन्ही आस केसभर तिरके असले तरी चालते. आस स्वतः पितळी नळीच्या दोन बुशांमध्ये फिरावा, एक पुढे आणि एक मागे, म्हणजे पात्यांचे वजन मोटरच्या शाफ्टवर येत नाही. या मोटरींचे गिअरबॉक्स आडव्या वजनाने झिजतात.

वंगणाचेही भान ठेवावे. प्लास्टिकच्या गिअरला प्लास्टिकला चालणारे तेल किंवा ग्रीसच द्यावे, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल इतके. काही तेलांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि वर्षभराने दात तुटून पडतात. अति तेल लावले तर देखाव्यातली पूड, विशेषतः गवताची, त्यात येऊन चिकटते. हलणारी यंत्रणा बसवल्यावरच टेकडीवर गवत लावणार असाल, तर आसाच्या फटी कागदी टेपने झाकून मगच गवत भुरभुरावे.

आणि सर्वांत शेवटी, मोटर बाहेर काढता आली पाहिजे. टोपी चिकटवू नका, दोन बारीक लोहचुंबकांनी बसवा. मी एकदा घट्ट चिकटवलेली चक्की मोटर बदलण्यासाठी फोडली आहे, तेव्हापासून हा नियम मी कधी मोडला नाही.


नॅरोगेज (प्रश्नकर्ता):

तिघांचेही मनापासून आभार. दोन आठवडे यावर काम केले, त्याचा वृत्तांत देतो.

आधी पाती सोडवून दोन पेन्सिलींवर आडवी ठेवली. दर वेळी एकच पाते खाली येत होते. पालथे करून पाहिले तर त्या पात्याच्या मागे जोडावरचा वाळलेला डिंक मण्यासारखा साचलेला दिसला. तो ब्लेडने खरवडला, तरी थोडा फरक उरला, म्हणून समोरच्या पात्याच्या टोकाला सोल्डरचे तीन तुकडे लावले. त्यानंतर जुन्याच मोटरवर, केवळ पाहण्यासाठी, पाती पुन्हा चढवली, तेव्हा खटका जवळजवळ नाहीसा झाला होता. मोटर तीच, व्होल्टेज तेच, आणि तरीही एवढा फरक पडला, याचे मला मोठे आश्चर्य वाटले.

पवनचक्कीसाठी शेवटी १२ व्होल्टला १५ फेऱ्यांची एन२० घेतली. स्टेपरची वाऱ्याची कल्पना मला अतिशय आवडली होती, पण माझ्या चक्कीची टोपी लहान आहे आणि ती मोटर तिथे मावत नाही. मग मी असा विचार केला की, वेगातला चढउतार ब्रशच्या मोटरलाही आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून, देता येईल, कारण आता ती आपल्या दाबाच्या मधल्या पट्ट्यात चालते आहे आणि वेग थोडा खाली आला तरी थांबत नाही. एक ट्रान्झिस्टर, मोटरवर उलटा डायोड आणि कपॅसिटर एवढ्यावर काम झाले. चक्की आता सहा ते नऊ फेऱ्यांच्या दरम्यान श्वास घेतल्यासारखी फिरते. फक्त एक बारीकशी शिट्टी ऐकू येते. ती गिअरची वाटत नाही, कारण थेट विजेवर चालवली की ती बंद होते.

पाणचक्कीला २८बीवायजे-४८ लावली आहे, मोटर फळीखाली आहे आणि चाकापर्यंत रबरी पट्टा आहे. ती सुरेख चालते. फाटकाची तारेची जोडणी दिलेल्या मापांनी केली आणि दांडी आता खरोखर टेकते, आपटत नाही. फक्त लेआउटची वीज सुरू करताना सर्व्हो एकदा झटका देतो आणि दांडी क्षणभर उसळते. या दोन गोष्टींवर काही उपाय असल्यास सांगावा.


सोल्डरिंग (उत्तर):

शिट्टी पीडब्ल्यूएमचीच आहे. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर त्याची वारंवारता सुमारे ४९० हर्ट्झ असते आणि पाच व सहा क्रमांकाच्या पिनांवर ९८० हर्ट्झ, आणि या दोन्ही आपल्या कानाच्या नेमक्या टप्प्यात येतात. नऊ आणि दहा क्रमांकाच्या पिनांचा टायमर बदलून ती २० किलोहर्ट्झच्या वर नेली की आवाज ऐकू येत नाही. फार कमी वेगाला तिथे मोटरची सुरुवातीची ओढ थोडी कमी होते, पण आपण मधल्या पट्ट्यात असल्यामुळे ते जाणवणार नाही. मात्र त्या टायमरवर सर्व्होची लायब्ररीही चालते, त्यामुळे पवनचक्की आणि फाटक एकाच आर्डुइनोवर असतील, तर यांपैकी एकाला दुसरा आर्डुइनो द्यावा लागेल. माझ्या मते फाटक वेगळे करणे सोयीचे.

सर्व्होच्या झटक्याचे कारण असे की वीज आल्यापासून आर्डुइनो जागा होईपर्यंतच्या क्षणात त्याच्या तारेवर निश्चित संदेश नसतो. संदेशाच्या तारेवर १० किलोओहमचा रोध ऋण टोकाला जोडल्यास बऱ्याच सर्व्होंचा झटका कमी होतो. त्याने भागले नाही, तर सर्व्होची वीजच एका लहान मॉस्फेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) उशिरा सुरू करावी. आधी प्रोग्रामने योग्य लांबीचे स्पंद पाठवायला लागावे आणि अर्ध्या सेकंदाने सर्व्होला वीज द्यावी. मात्र दांडी बंद करताना कोणत्या स्थितीत होती हे प्रोग्रामला ठाऊक असले पाहिजे, म्हणून लेआउट बंद करण्याआधी फाटक नेहमी उघडे ठेवण्याची सवय लावावी.


जुना सांधेवाला (उत्तर):

रबरी पट्ट्याबद्दल एक सूचना. साधे रबरबँड काही महिन्यांत चिकट होऊन तुटते, त्याऐवजी सिलिकॉनची ओ-रिंग वापरावी, आणि लेआउट बराच काळ बंद राहणार असेल तर ती पुलीवरून उतरवून ठेवावी, नाहीतर तिला पुलीचा बाक येतो आणि चाक दर फेऱ्याला उचकी दिल्यासारखे फिरते.

पाणचक्कीची दिशाही एकदा पाहून घ्यावी. पाणी चाकाच्या माथ्यावरून पुढे पडत असेल, तर चाकाचा माथा पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने जातो. पाणी चाकाच्या तळाखालून वाहत असेल, तर तळ प्रवाहाच्या दिशेने जातो आणि माथा त्याच्या उलट. ओढा तोच असला तरी चाक उलटे फिरते. ओढ्यातल्या रेझिनच्या पाण्यापासून चाकाची कड किमान एक मिलिमीटर वर ठेवावी, कारण दमट हवेत लाकडी फळी थोडी तरी वर उचलली जाते.

पवनचक्कीबद्दल आणखी एक करता आले तर पाहावे. डच चक्कीवाले चक्की थोड्या वेळासाठी थांबवताना पाती अधिकच्या चिन्हासारखी, म्हणजे एक जोडी उभी आणि एक आडवी, ठेवतात आणि दीर्घ विश्रांतीच्या वेळी गुणाकाराच्या चिन्हासारखी तिरकी ठेवतात. आसावर एक बारीक लोहचुंबक आणि टोपीत लोहचुंबक ओळखणारा एक हॉल सेन्सर बसवला, तर आपल्या प्रोग्रामला पात्यांची जागा कळेल आणि लेआउट बंद करताना चक्की हळूहळू मंदावत दर वेळी तिरक्या पात्यांवर येऊन उभी राहील.